कानानं लावलेलं टायमिंग

आमच्या ट्रकला ठोका लागला तो दिवाळीनंतरच्या थंडीत. पहिल्याच दिवशी मी म्हटलं होतं की हा आवाज बरा नाही. पण बायकोचं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आमचे हे म्हणाले, थंडीनं आखडलंय इंजिन, तापलं की गप बसेल. इंजिन तापलं, पण गप काही बसलं नाही. चढ लागला की बोनटखालून टणटण सुरू व्हायची, लोखंडी घमेल्यात मूठभर खडे टाकून कोणी हलवावं तशी. मला ती दातांत जाणवायची.

आमचा धंदा आठवडी बाजारांचा. आज मुलचेरा, उद्या घोट, परवा आष्टी, आणि मधल्या दिवसांत जंगलातल्या आतल्या गावांचे छोटे बाजार. हे ट्रक चालवणार, मी बांगड्या, टिकल्या, पिना, कंगवे विकणार. मागं बाकीचे बाजारकरी आपापली गाठोडी घेऊन बसायचे. कांदेवाला, दोघे कपडेवाले, मिरची विकणाऱ्या दोघी बहिणी, आणि सुकी मासळी विकणारी एक म्हातारी. क्लीनर ठेवणं आम्हाला कधी जमलं नाही, म्हणून चाकामागं दगड लावणं, रेडिएटरमध्ये पाणी ओतणं, पाने हातात देणं, सगळं माझ्याकडं. आणि बाजारात ओरडून ओरडून माझा गळा असा झालाय की घरात मी मीठ मागितलं तरी शेजारीण विचारते, भांडण चाललंय का वो?

ह्यांचा कान मात्र त्या सगळ्या रस्त्यावर प्रसिद्ध होता. समोरून येणारे ट्रकवाले गाडी आडवी घालून म्हणायचे, भाऊ, जरा ऐकून सांगा. हे लांब पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, घ्यायचे, टोक इंजिनवर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग सांगायचे, तीन नंबरचं नोझल आहे. किंवा पंख्याचं बेरिंग आहे. किंवा काही नाही, जा गुपचूप. ते चुकल्याचं मी पाहिलं नाही. लग्न करून आले तेव्हा मला वाटलं, आपल्या नवऱ्याला इंजिनाची भाषा येते, आणि खरं सांगते, मला त्याचा गर्व होता. टायमिंगसुद्धा ते कानानंच लावायचे. पंपावरच्या खुणा बघून लावतो तो शिकाऊ, असं म्हणायचे.

टायमिंग म्हणजे काय ते मला त्यांनीच शिकवलं होतं. डिझेलच्या गाडीत ठिणगी नसते. पिस्टन वर येतो, हवा दाबली जाऊन तापते, आणि नेमक्या त्याच वेळी पंपानं डिझेलचा फवारा सोडायचा असतो. फवारा लवकर पडला, म्हणजे टायमिंग पुढं गेलं, तर वर येणाऱ्या पिस्टनलाच उलटा हाणतो. एका उखळात दोघी जणी धान कांडत असल्या आणि एकीनं घाई केली की तिचं मुसळ दुसरीच्या मुसळावर आपटतं, तसंच हे. उशिरा पडला तर आपटत नाही, पण मग गाडी ओढत नाही, पांढरा धूर टाकत रडत रडत चढते. दोन्हींच्या मधली जागा फार बारीक असते.

आधी संशय डिझेलवर घेतला. आत जंगलात पेट्रोल पंप नाही, दुकानात डबकीतलं, म्हणजे प्लास्टिकच्या कॅनमधलं, डिझेल मिळतं, आणि त्यात काय मिसळलेलं असेल देव जाणे. टाकी रिकामी केली, फिल्टर बदलला, चांगलं डिझेल भरलं. ठोका तसाच. मग फवाऱ्याची नोझल काढून साफ केली. तरी तसाच. मग मी हट्ट धरला तेव्हा ह्यांनी ती जुनी परीक्षा घेतली. इंजिन चालू ठेवायचं आणि एकेका नोझलच्या पाइपाचं नट ढिलं करायचं, म्हणजे तेवढा एक सिलिंडर बंद पडतो. जो बंद केल्यावर ठोका थांबेल तो चोर. प्रत्येक वेळी हे मला विचारत होते, झाला का कमी? मला वाटलं, आज मला कामात सामील करून घेतायत. मी खूश.

सगळे सिलिंडर करून झाले. दर वेळी ठोका थोडासा कमी झाला, पण थांबला कधीच नाही. म्हणजे चोर एक नव्हता, सगळेच ठोकत होते. आणि सगळे एकदम बिघडत नसतात. त्यांना वेळ देणारा पंप एकच असतो. म्हणजे टायमिंग. एवढं तर बांगड्या विकणाऱ्या बाईलाही समजतं.

ह्यांनाही ते समजलं. पेचकस कानामागं लावून ते बराच वेळ ऐकत बसले. मग म्हणाले, इंजिन बसकं वाजतंय, जीवच नाही त्यात, टायमिंग मागं पडलंय, पुढं घ्यावं लागेल. मी म्हटलं, अजी, पुढं गेलंय म्हणूनच ठोकून राह्यलं ना. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी पुढचं गिळून टाकलं. पंपाचे बोल्ट ढिले करून त्यांनी तो थोडा पुढं सरकवला, बोल्ट आवळले आणि गाडी चालू केली. अगं बाई! मी दोन्ही कानांवर हात ठेवले. ह्यांचं तोंड मात्र उजळलं. आता बोलली, म्हणाले. मला वाटलं, एक तर मी वेडी झालेय नाहीतर हे.

तिथून आमचे हाल सुरू झाले. पंधरवड्यानं त्यांना इंजिन पुन्हा बसकं वाटलं, पुन्हा पंप पुढं गेला. सकाळी सेल्फ मारला की इंजिन उलटी लाथ मारायचं. चढावर पाणी उकळायचं, मी डबकी घेऊन नाल्यावर पळायची. एकदा भर बाजाराच्या दिवशी हेडचं गॅस्केट जळालं आणि आम्ही रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. मिरचीवाल्या बहिणी पिकअपनं जायला लागल्या. मग कपडेवालेही गेले. मी म्हणायची, चंद्रपूरला मिस्त्रीकडं नेऊ. हे म्हणायचे, माह्या गाडीले दुसऱ्याचा कान लावू? इंजिन असंच ठोकत राहिलं तर एक दिवस रॉड ब्लॉक फोडून बाहेर येणार हे त्यांनीच मला कधीतरी सांगितलं होतं. ट्रक गेला तर ह्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि वयही नवीन शिकायचं राहिलं नव्हतं. मी इतकी हताश झाले होते की बाजारात गिऱ्हाईक बांगडी भरायला हात पुढं करायचं आणि मी भलत्याच मापाची बांगडी चढवायला जायची. मुलचेऱ्याकडच्या बंगाली वस्तीतली एक बाई तर म्हणाली, ताई, तब्येत ठीक नाही का?

त्या दिवशी आम्ही आतल्या बाजारातून परत येत होतो. ऊन अजून होतं. सकाळीच टायमिंगवरून कडाक्याचं भांडण झालं होतं, म्हणून केबिनमध्ये कोणी कोणाशी बोलत नव्हतं. ह्यांच्या तोंडात तंबाखूचा खर्रा होता, माझ्या मांडीवर बांगड्यांची पेटी. जंगलातला रस्ता म्हणजे नुसते खड्डे.

मागं बसलेल्यांना गाडी थांबवायची असली की ते केबिनच्या टपावर थाप मारतात. एक थाप, थांबा. दोन थापा, चला. आमच्याकडं सगळ्या गाड्यांची हीच रीत. थाप पडली. मी ऐकली. थांबतील म्हणून मी पदर सावरला. गाडी थांबली नाही. आणखी थापा पडल्या, मग मुठी पडायला लागल्या, मग लोखंडाचा दणदण आवाज यायला लागला. मी ह्यांच्याकडं पाहिलं. ते समोर रस्त्याकडं बघत होते, शांतपणे खर्रा चघळत. कपाळावर एक आठी नाही. रागानं मुद्दाम थांबत नसलेला माणूस असा दिसत नाही. 

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन किंचाळले तेव्हा ब्रेक लागला.

मी मागं पळत गेले. खड्ड्यांनी ट्रकच्या मागच्या फाळक्याची कडी निघाली होती, फाळका खाली लोंबत होता, आणि मासळीवाली म्हातारी दोराला धरून अर्धी बाहेर. पाय रस्त्यावरून घासत आले होते. कांदेवाल्यानं एका हातानं तिचं लुगडं धरलं होतं आणि दुसऱ्या हातात तराजूचं वजन होतं. आम्ही तिला खाली घेतलं. मनगट मोडलं होतं, पायाची सालटी निघाली होती. ती रडतही नव्हती. हे पांढरेफटक पडले. आणि मग सगळ्यांवर खेकसले.

"ठोकलं काऊन नाई?"

 कांदेवाला खाली बघत म्हणाला, भाऊ, ठोकलं जी, वजनानं ठोकलं. हे टपाकडं बघायला लागले. टपाचा रंग उडून पत्र्याला पोचे पडले होते. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी नाही म्हणावं असं त्यांच्या डोळ्यांत होतं, मला ते स्पष्ट दिसलं. पण रस्त्यावर ती म्हातारी बसली होती.

"ठोकलं," मी म्हटलं.

म्हातारीला सरकारी दवाखान्यात नेलं, प्लास्टर घातलं, घरी पोचवलं. त्या वाटेवर मला सगळं एकेक करून उमजत गेलं. फोन वाजला की हे तो माझ्याकडं द्यायचे, तूच बोल म्हणायचे. झाला का कमी, झाला का कमी, हे विचारणं काय होतं तेही समजलं. इंजिन बसकं झालंच नव्हतं. ह्यांना त्याचा टोकदार आवाज ऐकू येईनासा झाला होता, फक्त खालची घरघर पोचत होती. म्हणून ते टायमिंग पुढं पुढं घेत होते, तो आवाज पुन्हा ऐकू येईपर्यंत. इतका जुना, इतका हुशार मिस्त्री, आणि स्वतःचा कान गेला म्हणून स्वतःचं इंजिन मारत बसलेला! आणि माझ्या ह्या बाजारी गळ्यामुळे घरात कोणाला काही पत्ताच लागला नाही. मला रडूही येईना, नुसता संताप आला, देवाचा आला, ट्रकचा आला.

सकाळी मी त्यांना सांगितलं. त्यांनी हातातला पाना अंगणात फेकला. मी बहिरा? आजपर्यंत सिरोंच्यापर्यंतच्या गाड्या कोणी ऐकून दिल्या, असं बरंच काही. मग दोन दिवस बोलणं बंद. मी जेवण वाढायची, ते जेवायचे. तिसऱ्या दिवशी ते ट्रकच्या पायरीवर बसले होते, माझ्याकडं पाठ करून. म्हणाले, तू माह्या मागं उभी राह्य, आन साध्या आवाजात काईतरी बोल.

मी मागं जाऊन उभी राहिले. काय बोलावं कळेना. म्हटलं, आज वरणाला चिंच नाही. ते हलले नाहीत. म्हटलं, मला तुमची फार काळजी वाटते. मग मला भडभडून आलं आणि मी त्यांना शिव्या दिल्या, म्हातारीच्या हाताबद्दल, गॅस्केटबद्दल, माझं ऐकलं नाही त्याबद्दल, साध्या आवाजात जितक्या देता येतील तितक्या. मला वाटत होतं, आता उठतील आणि मारतील तरी. माझं बोलून संपलं तरी ते समोर बघत, मान किंचित तिरकी करून बसले होते.

"सुरू कर ना वो," ते म्हणाले.

नंतर चंद्रपूरच्या कानाच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. नस झिजली आहे, वर्षानुवर्षं इंजिनाशेजारी बसून. बारीक, टोकदार आवाज आधी जातात. मशीन लावलं तर माणसांचं बोलणं थोडं सुधारेल, पण गेलेलं परत येणार नाही. मशीन आणलं. ते लावून ट्रकमध्ये बसलं की नुसता गोंगाट होतो म्हणून ते काढून खिशात ठेवायचे.

पण त्या दिवशी, ट्रकच्या पायरीवरून उठल्यावर, त्यांनी पहिलं काम केलं ते पाना उचलायचं. म्हणाले, तू ऐक, मी फिरवतो. मग आमची सगळी दुपार त्यातच गेली. इंजिन बंद करायचं, बोल्ट ढिले करायचे, पंप जरासा मागं घ्यायचा, बोल्ट आवळायचे, चालू करून मी ऐकायचं. मी हातानं सांगायची, अजून मागं. पुन्हा बंद, पुन्हा सगळं. ह्यांचे हात इतके सफाईनं चालत होते की बघून जीव तुटत होता. एकदा जास्त मागं गेला, पांढरा धूर आला, तेव्हा थोडा पुढं घेतला. आणि मग चालू केलं तर टणटण नाही. मी बोनटपाशी कान नेऊन उभी राहिले. काही नाही. एकसारखी, भरीव घरघर.

गावाबाहेरच्या चढावर नेऊन पाहिली. पाणी उकळलं नाही, धूर नाही, तिसऱ्या गिअरमध्ये सरळ चढली. मला इतका आनंद झाला की मी लहान पोरीसारखी टाळ्या वाजवल्या. हे स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते. मेल्यासारखी वाटते मले, म्हणाले. मी त्यांच्या तोंडासमोर जाऊन सांगितलं, मेली नाही, ठणठणीत झाली. त्यांनी मान हलवली, पण त्यांचा विश्वास नव्हता.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही ट्रक घेऊन स्टँडवर गेलो. मला वाटलं होतं, एवढं झाल्यावर कोण येतंय. तर कांदेवाला आधीच उभा. कपडेवालेही परत आलेले. गाडीचा आवाज लांबूनच ऐकून त्यांना समजलं होतं की ठोका गेला, आणि पिकअपवाला गाठोड्यांना नेहमी कुरकुर करायचा. कोणी ह्यांना काही विचारलं नाही. कांदेवाल्यानं तर एक दोर आणला होता. तो मला हळूच म्हणाला, वहिनी, ह्याचं एक टोक भाऊच्या दंडाले बांधू, थांबायचं असलं की मागून ओढू. मला हसूही आलं आणि त्या माणसाच्या पाया पडावंसंही वाटलं. सगळ्यांनी मिळून झाकायचं ठरवलं होतं. झाकली मूठ. चाललं असतं. मीच मनात म्हणत होते, चालेल, मी शेजारी बसतेच ना, मी सांगेन.

आणि त्या गर्दीतून मासळीवाली म्हातारी आली. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला, आणि डोक्यावर गाठोडं, एका हातानं सावरलेलं. ती सरळ ट्रकच्या मागं गेली आणि वर चढायला लागली. हात मोडून आठवडा नाही झाला, आणि ती त्याच गाडीत चढत होती.

हे आरशात बघत होते. त्यांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले, मागं गेले. मी त्यांच्या पाठोपाठ. म्हातारीला त्यांनी दोन्ही हातांनी धरून खाली घेतलं, आणि सगळ्या बाजारकऱ्यांसमोर, स्वतःला ऐकू यावं एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "माय, मले ऐकू येत नाई."

 म्हातारीनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि हसली. तिला दात नाहीत, तिचं बोलणं नुसतं ओठांवर सांडतं.

"त काय झालं बाबू," ती म्हणाली. "आमी अजून जोरानं ठोकू."

त्यांना ते समजलं नाही. ती काय म्हणाली ते सांग, म्हणून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. बाकीचेही माझ्याकडं पाहायला लागले. कांदेवाल्यानं दोर पुढं केला. ट्रक तिथं उभा होता, वर्षात पहिल्यांदा धड झालेला. मी त्यांच्या तोंडासमोर गेले, आणि त्यांना माझे ओठ नीट दिसतील असं, सावकाश म्हटलं, "ती बरं म्हणते. दुसऱ्या गाडीनं जाते म्हणते."

कांदेवाल्यानं दोर गुंडाळून काखेत घेतला. हे वर चढले आणि एकेकाची गाठोडी खाली द्यायला लागले.